समुद्राकाठी बसण्याची मुभा

मराठवाड्याला समुद्र नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पहिल्या पाठातच आम्हांला कळते. परंतु समुद्र नसण्याने माणसाच्या कल्पनेलाही एक कुंपण पडते, हे ध्यानी येण्यास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागतात. ज्या हैदराबाद संस्थानात सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा परभणी जिल्हा मोडत होता, ते संस्थान चोहोबाजूंनी जमिनीने वेढलेले होते, आणि स्वतंत्र राहण्याची स्वप्ने पाहणाऱ्या निजाम सरकारने आपल्या अखेरच्या दिवसांत पोर्तुगीजांकडून मुरगाव बंदर पदरात पाडून घेण्याच्या ज्या खटपटी चालविल्या, त्यांचे मूळही याच उणिवेत होते. निजामाला बंदर हवे होते ते शस्त्रांसाठी आणि व्यापारासाठी. त्याच्या काठी सायंकाळी रयतेने पाय सोडून बसावे, असा विचार त्या दरबारात कोणाच्या मनाला शिवला असेल, असे मानण्यास यत्किंचितही आधार नाही. त्याहीपूर्वी, पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवृत्तात, पैठण आणि तेर या आमच्याच मुलखातील पेठांमधून गाड्यांवर लादलेला माल अवघड वाटांनी भडोचच्या बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आढळतो. म्हणजे समुद्राशी आमचा संबंध अगदीच नव्हता असे नाही. तो होता, पण मालापुरता. माल जावा, जकात भरली जावी आणि गाडीवानाने रिकामी गाडी घेऊन घाट चढून परत यावे, एवढेच बंदराविषयीचे आमचे पिढीजात ज्ञान.

अशा माणसाला बंदर या गोष्टीचे जे चित्र ठाऊक असते, त्यात भिंत, फाटक, पहारेकरी आणि परवाना एवढ्या चार वस्तू प्रामुख्याने असतात. दुष्काळाच्या वर्षी सेलूच्या स्थानकावरून मुंबईची गाडी धरून गोदीत हमाली करावयास गेलेल्या आमच्याकडील माणसांनी गावी परत येऊन समुद्राचे जे वर्णन केले, तेही भिंतीपलीकडल्या भोंग्यांचेच होते. म्हणूनच, ज्याला जगातील पहिल्या दहा मोठ्या कंटेनर-बंदरांत गणले जाते असे एखादे शहर निवांत असू शकते, किंबहुना निवांतपणासाठीच आपल्या देशात त्याची ख्याती असू शकते, हे मला प्रत्यक्ष पाहीपर्यंत खरे वाटले नव्हते. ते शहर म्हणजे दक्षिण कोरियाच्या आग्नेय टोकाचे बुसान. माझा भाचा तिकडे एका जहाजबांधणीच्या कारखान्यात अभियंता आहे, आणि महसूल खात्याच्या चाकरीतून निवृत्त झालेल्या मामाला एकदा समुद्र दाखवावा, असा त्याचा अनेक वर्षांचा हट्ट होता.

सोलहून वेगवान आगगाडीने सुमारे अडीच तासांत बुसान येते. लोकसंख्या तेहेतीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या मोजमापाने हे काही लहान गाव नव्हे. पण डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरून आलेले असल्यामुळे शहराला सलग पसरता आलेले नाही, आणि ते दऱ्याखोऱ्यांतून, खाड्यांच्या वळणांवरून, जागा मिळेल तसे वसत गेले आहे. कोरियन माणसे सोलविषयी बोलताना घड्याळ पाहिल्यासारखी बोलतात. बुसानविषयी बोलू लागली की त्यांचा आवाज थोडा सैल होतो, मग तेथील बोली कितीही तुटक आणि ठसकेबाज असो. भाचा म्हणाला, "मामा, हे लोक भांडायलेत असं वाटलं तर घाबरू नका, जेवलास का म्हणून इचारायलेत." मला त्यात काहीच नवल वाटले नाही, आमच्या परभणीकडच्या बोलीविषयी पुण्याची मंडळी हीच तक्रार करीत आली आहेत.

या शहराचा निवांतपणा निसर्गदत्त आहे, समुद्र असला की माणसे आपोआप स्वस्थ होतात, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे आहे. बुसानचा इतिहास पाहिला तर या समजाला जागा उरत नाही. जपानने बळाने लादलेल्या १८७६ च्या तहान्वये हे बंदर परकीय व्यापाराला खुले झाले, पुढे जपानी अंमलात त्याचे धक्के, गुदामे आणि भराव वाढले, आणि जून १९५० मध्ये कोरियन युद्ध सुरू झाल्यावर तर उत्तरेकडून लोटलेल्या निर्वासितांचा सारा भार या एका शहरावर येऊन पडला. युद्धकाळातील बहुतांश दिवस हीच देशाची तात्पुरती राजधानी होती. फळ्या, पत्रे आणि खोक्यांचे पुठ्ठे जोडून डोंगरउतारांवर झोपड्या उभ्या राहिल्या. आमी-दोंग नावाच्या वस्तीत तर जपान्यांच्या जुन्या दफनभूमीवरच लोकांनी घरे बांधली, आणि थडग्यांचे दगड पायाला, जोत्याला, पायरीला लावले. ताटातूट झालेल्या आप्तांनी एकमेकांना योंगदो पुलाशी भेटण्याचा वायदा केलेला असे, कारण बुसानमधील दुसरी कोणतीही खूण त्यांना ठाऊकच नव्हती. १९३४ मध्ये बांधलेला, जहाजांना वाट देण्यासाठी उचलला जाणारा हा पूल १९६६ नंतर उचलणे बंद झाले होते. २०१३ मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा उचलता येईल असा केला गेला. आता त्याखालून जाण्याची जहाजांना तितकीशी निकड नाही. तो ठरलेल्या वेळी उचलला जातो, म्हातारी माणसे काठावर उभी राहून पाहतात आणि घरी जातात.

या इतिहासात भारताचा, आणि थोडा महाराष्ट्राचाही, भाग आहे, तो आपल्या शालेय पुस्तकांत फारसा येत नाही म्हणून येथे नोंदवून ठेवतो. नोव्हेंबर १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सेनेचे साठावे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक याच बंदरात उतरले, आणि युद्धविरामापर्यंत त्यातील डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार केले. पुढे १९५३ मध्ये, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांच्या राखणीसाठी जे भारतीय दल कोरियात गेले, त्याचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. सिंगमन ऱ्ही यांच्या सरकारने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवण्यास मज्जाव केला, त्यामुळे इंचॉनच्या समुद्रात जहाजे नांगरून त्या हजारो जवानांना हेलिकॉप्टरांनी युद्धविराम-रेषेवरील निर्लष्करी पट्ट्यात पोहोचवावे लागले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवले तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या गोटात शिरले आणि बोलून, समजावून त्याला सोडवून घेऊन बाहेर आले. ज्या देशाच्या किनाऱ्यावर मराठी सेनापतीच्या माणसांना उतरण्याची परवानगी नव्हती, त्याच देशाच्या किनाऱ्यावर त्यानंतर सात दशकांनी परभणी जिल्ह्यातल्या वालूरचा एक निवृत्त अव्वल कारकून, कोणाचेही दस्तक न दाखविता, वाळूत पाय पसरून बसला होता. आणि या बसण्याविषयीच मला मुख्यतः लिहावयाचे आहे.

ग्वांगाल्ली नावाचा तेथील किनारा अर्धचंद्राकृती आहे, समोर २००३ मध्ये खुला झालेला लांबलचक समुद्रपूल आहे, आणि मागे चहा-कॉफीची दुकाने व खानावळी आहेत. यांत विशेष असे काही नाही; असे किनारे पुष्कळ असतील. विशेष होते ते वाळू आणि रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात. तेथे रुंद पायऱ्या होत्या, बाकडी होती, लाकडी चौथरे होते, पाय धुण्यासाठी नळ होते, आणि थोड्या थोड्या अंतरावर स्वच्छ शौचालये होती, ज्यांच्या दारात कोणी पैसे मागत बसलेले नव्हते. चौथऱ्यावर दोन वृद्ध स्त्रिया जोडे काढून, पाय दुमडून, डब्यातील फळांच्या फोडी खात बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक शाळकरी मुलगा दप्तर उशाला घेऊन झोपला होता. आणि कोणीही कोणाला उठवीत नव्हते. माझी पावले घोटाळलेली पाहून भाचा म्हणाला, "मामा, चपला काढा अन् बसा, हितं तसंच बसतेत."

महसुली माणसाला जागा दिसली की प्रथम तिचा सातबारा आठवतो. मी विचारले, "ही जागा कोणाच्या नावावर आहे?"

"सरकारी असंल. मी कधी इचारलंच नाही."

इतकी वर्षे तेथे राहून त्याला हे विचारण्याची गरज पडली नव्हती, हे मला त्या पुलापेक्षा आणि त्याच्या दिव्यांपेक्षा अधिक मोलाचे वाटले. उन्हाळ्याच्या हंगामात हेउंदे किनाऱ्यावर छत्र्या भाड्याने मिळतात, हे खरे. पण वाळूला भाडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जागालचीच्या मासळीबाजारात गेलो. रबरी बूट आणि लांब झगे घातलेल्या, केस बांधलेल्या साठी-सत्तरीच्या बाया तेथे परातींमागे बसलेल्या असतात. बोटे बर्फाने लाल झालेली, सुरी इतकी सहज चालते की डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडावर असतानाच मासा साफ होऊन बाजूला पडतो. युद्धानंतर घरातील पुरुष मेले वा बेपत्ता झाले, तेव्हा स्त्रियांनीच हा बाजार धरून ठेवला, आणि आजही त्यांनाच तेथे मान आहे. त्यांच्या चेहऱ्यावर निवांतपणाचा लवलेशही नव्हता. माल उतरत होता, सौदे होत होते, ओरडा चालला होता. पण याच बाजाराच्या मागच्या अंगाला, धक्क्याच्या कडेला, फळ्यांचा मोकळा पट्टा आणि बसण्याच्या पायऱ्या आहेत, आणि सौदा आटोपलेली एक आजीबाई तेथे समुद्राकडे तोंड करून सावकाश काहीतरी खात बसली होती. गोदीत काम करणाराला गोदीच्या कडेला बसता आले पाहिजे, हे तत्त्व कोणी लिहून ठेवले असेल वा नसेल. ते तेथे पाळले जात होते.

खाण्यापिण्याचे म्हणाल तर मत्स्याहाराचा मला सराव नाही, तथापि गव्हाच्या शेवयांचा जो थंड पदार्थ तेथे सर्रास खातात, त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. उत्तरेकडील निर्वासितांना कुट्टूच्या पिठाच्या थंड शेवया खाण्याची सवय. युद्धकाळात ते पीठ मिळेना, आणि मदतीच्या अमेरिकन गव्हाचे पीठ मात्र मुबलक. तेव्हा त्यांनी गव्हाच्याच शेवया केल्या, आणि संकटातून निघालेला हा पदार्थ आज त्या शहराची ओळख होऊन बसला आहे. बुजॉन नावाच्या जुन्या मंडईत धान्याच्या रांगेत मला तांबडी ज्वारी दिसली, तेव्हा तर परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एखाद्या प्रदर्शनात आल्यागत वाटले. कोरियन लोक ती भातात थोडी मिसळतात, तिच्या पिठाचे गोड गोळे करतात. भाकरी मात्र करीत नाहीत. दुकानदारीण ती चौकोनी लाकडी मापाने, वर हात फिरवून, मोजून देत होती.

आता मुद्द्याकडे येतो. बुसानचा निवांतपणा हा लोकांच्या स्वभावाचा गुण नसून, किंवा केवळ स्वभावाचा नसून, तो जागेच्या व्यवस्थेचा गुण आहे, असे माझे मत झाले आहे. सोंगदो येथील समुद्रस्नानाचा किनारा १९१३ पासून सार्वजनिक आहे. देशातील तो पहिला. इगिदेच्या कड्याकाठचा प्रदेश १९९३ पर्यंत लष्कराच्या ताब्यात, सामान्य माणसाला बंद होता. आज त्याच कड्यावरून पायवाट जाते. डोंगर, नदी आणि समुद्र यांच्या कडेने पावणेतीनशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या पायवाटा महानगरपालिकेने जोडून घेतल्या आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, २००६ मध्ये शहराच्या पश्चिमेस नवे बंदर सुरू झाल्यावर, कंटेनरांची वाहतूक हळूहळू तिकडे वळवून, मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोरील जुन्या उत्तर बंदराच्या धक्क्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांनी २००८ पासून हाती घेतला. आणि ज्या धक्क्यांवर शतकभर फक्त माल आणि हमाल जात होते, तेथील काही भाग उद्यान म्हणून, कालव्याकाठची वाट म्हणून लोकांना खुला केला. त्याच जागी २०३० चे जागतिक प्रदर्शन भरविण्याचा त्यांचा मनसुबा होता, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रियाधने हिरावून नेला. प्रदर्शन गेले, उद्यान राहिले. माझ्या दृष्टीने सौदा वाईट झाला नाही.

याचा अर्थ तेथे रामराज्य आहे असा कोणी घेऊ नये. हेउंदेच्या वाळूला खेटून एकशे एक मजल्यांचा मनोरा उभा आहे, त्याच्या परवान्यांमागील लाचलुचपतीचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि त्याची सावली किनाऱ्यावर पडते ती सर्वांवर सारखीच पडते. त्याच्या पलीकडे समुद्रात भराव घालून काचेच्या उंच इमारतींची एक श्रीमंत वसाहत वसविली आहे. तेथील लाटारोधक भिंत दृश्य झाकते या तक्रारींमुळे हवी तेवढी उंच बांधली गेली नाही, आणि ऑक्टोबर २०१६ च्या वादळात समुद्र तिच्यावरून उडी मारून थेट दुकानांत शिरला. समुद्र विकत घेता येतो अशी समजूत करून घेणाऱ्यांची ती थोडी फजिती झाली. पण त्याहून मोठी चिंता निराळी आहे. तरुण मुले नोकरीसाठी सोलकडे जातात. २०२४ मध्ये कोरियातील एका सरकारी संस्थेने देशाच्या महानगरांपैकी बुसानला सर्वांत आधी 'नामशेष होण्याचा धोका' असलेल्या वर्गात घातले. आणि बुसानमध्ये आता म्हातारा आणि समुद्र एवढेच उरले आहेत, अशी हेमिंग्वेच्या कादंबरीच्या नावावरची कोटी तेथील लोक स्वतःच करतात. मी ज्या चौथऱ्यांवर स्वस्थ बसलेली माणसे पाहिली, त्यांतील बहुतेकांची मुले दूर होती. ज्याच्या गावातून प्रत्येक शिकलेला मुलगा पुण्याच्या गाडीत बसतो, त्याला या निवांतपणातील अर्धी गोष्ट न सांगताही समजते. बसण्याची जागा दिल्याने रोजगार मिळत नाही. तो वेगळा मिळवावा लागतो, आणि तो मिळविण्यात बुसानही सध्या कमी पडत आहे. मात्र रोजगार नाही म्हणून बसण्याची जागाही काढून घ्यावी, किंवा रोजगार आणावयाचा म्हणून ती विकून टाकावी, हा युक्तिवाद मला दोन्ही बाजूंनी अमान्य आहे.

आपल्याकडे हा युक्तिवाद मुंबईत ऐकू येतो. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. ससून गोदी १८७५ ची. प्रिन्सेस गोदी, व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी, अशा एकामागून एक गोद्या होत गेल्या आणि शहराचा जवळजवळ संपूर्ण पूर्व किनारा, सुमारे अठराशे एकर जमीन, एका संस्थेच्या भिंतीआड गेली. तेव्हा ते आवश्यक होते, यात संशय नाही. परंतु १९८९ मध्ये न्हावा शेवा येथे नवे बंदर सुरू झाल्यानंतर कंटेनरांचा ओघ तिकडे वळला, आणि बुसानपुढे २००६ नंतर उभा राहिला तोच प्रश्न आपल्यापुढे त्याच्या सतरा वर्षे आधी उभा राहिला होता. प्रश्न आधी उभा राहूनही आपण मागे राहिलो. २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने जनतेसाठी मोकळ्या जागा ठेवण्याचा आग्रह धरला. त्यानंतर आराखडे झाले, सुधारित आराखडे झाले, चर्चा झाल्या. आजही भाऊच्या धक्क्याकडे लाँचसाठी जाणारा माणूस ट्रकांच्या रांगेतून वाट काढीतच जातो, आणि शिवडीच्या खाडीत हिवाळ्यात उतरणारे रोहित पाहण्यास धडपडत जावे लागते.

मुंबईकरांना बसण्याची हौस नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर रात्री दहा वाजता जाऊन पाहावे. तो कठडा भराव घालून केलेल्या रस्त्याची केवळ कड आहे. त्याच्यावर बसण्यासाठी कोणी तो बांधला नव्हता. पण त्यावर लक्षाधीश आणि पाव विकणारा एकाच ओळीत, एकाच उंचीवर बसतात, आणि दोघांचीही पाठ शहराकडे असते. पश्चिमेला हे एवढे साधते, मग पूर्वेला का साधू नये? उत्तर सरळ आहे. पूर्वेची जमीन किमती आहे, तिचे मक्ते आहेत, भाडेपट्टे आहेत, दावे आहेत. आणि जमीन जितकी किमती, तितकी तीवर काहीच न बांधण्याची सूचना सरकारी टिपणीत वेडगळ ठरते. मी हयातभर टिपण्या लिहिल्या आहेत. 'जागा मोकळी ठेवावी' असे लिहिणाऱ्या कारकुनाकडे साहेब कोणत्या नजरेने पाहतात, हे मला ठाऊक आहे.

कोकणातही परिस्थिती वेगळ्या अंगाने तीच आहे. वेंगुर्ला, विजयदुर्ग, दाभोळ, राजापूर ही एके काळची नावाजलेली बंदरे. वेंगुर्ल्यात तर सतराव्या शतकात डचांची वखार होती. व्यापार गेला, गाळ साचला, आणि जो निवांतपणा आला तो कोणी घडविलेला नव्हता, तो ओस पडल्याचा होता. दिवाळीत आमच्याकडील मंडळी गाड्या भरून तिकडे जातात, किनाऱ्यापर्यंत गाडी नेतात, फोटो काढतात आणि दोन तासांत पुढच्या किनाऱ्याला लागतात, कारण तेथे थांबावे असे कोणी काही केलेलेच नसते. आणि जेथे केले असते, तेथे बहुधा कुंपण असते व आत फक्त राहुटीचे गिऱ्हाईक जाऊ शकते. १९९१ च्या किनारपट्टी नियमनाने भरती-रेषेलगतच्या बांधकामांवर निर्बंध घातले खरे, पण काय करू नये हे सांगणारा कायदा आणि लोकांना कोठे बसू द्यावे हे सांगणारी योजना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय पाण्याच्या काठी बसण्याचा अधिकार ही महाराष्ट्रात केवळ पर्यटनाची बाब नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते तळे नगरपालिकेने आधीच सर्वांना खुले केल्याचा ठराव केलेला असताना गेले. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठ्यांचा ठरावही मंजूर झालेला होता. ठराव दप्तरात होते, पायऱ्यांवर मात्र मज्जाव होता. कागदावर सार्वजनिक असलेली जागा प्रत्यक्षात सार्वजनिक नसते, हा धडा जगाच्या कोणत्याही शहरापेक्षा आपल्याला अधिक महाग पडला आहे, आणि म्हणूनच बुसानच्या त्या चौथऱ्याचे मोल आपल्याला त्या शहरातील माणसांपेक्षाही थोडे अधिक कळावे.

वालूरच्या माणसाने हे लिहिण्याचे कारण असे की, आमच्याही गावात पाणी आहे. वालूरची ख्याती दोन गोष्टींची: वाल्मीकी ऋषींच्या वास्तव्याची लोकश्रुती, आणि जुन्या दगडी बारवा. पहिलीविषयी एक गंमत सांगून ठेवतो. बुसानला लागून असलेल्या गिम्हे नगरात, इसवी सन ४८ मध्ये आयुता नावाच्या देशाहून नावेने आलेली राजकन्या तेथील पहिल्या राजाची राणी झाली, अशी आख्यायिका तेराव्या शतकातील 'सामगुक युसा' या ग्रंथात आहे. आयुता म्हणजे अयोध्या असे मानून तिच्या वंशजांनी २००१ मध्ये शरयूकाठी तिचे स्मारकही उभारले. इतिहास-संशोधक यावर मान हलवितात. मी तिच्या समाधीपुढे उभा राहून, रामायणकर्त्याच्या गावचा म्हणून, अयोध्येच्या लेकीला माहेरचा नमस्कार सांगून मोकळा झालो. पुरावा मागण्याची ती वेळ नव्हती.

बारवेचे मात्र पुरावे मागावे लागत नाहीत. वालूरची चक्राकार बारव वर्तुळात बांधलेली असून तिच्या पायऱ्या वळत वळत पाण्यापर्यंत उतरतात, आणि वरून पाहणाराला दगडात भोवरा गोठल्याचा भास होतो. कित्येक वर्षे ती केरकचऱ्याने आणि गाळाने भरलेली होती. गावातील तरुणांनी श्रमदान करून ती मोकळी केली, आणि आता लांबलांबहून माणसे ती पाहावयास येतात. पाणी नळाने घरात येऊ लागल्यावर बारवेचे जे काम संपले असे आपण मानले, ते केवळ पाणी भरण्याचे काम होते. तिच्या पायऱ्यांची रुंदी पाहिली की ती बांधणाराने तेथे माणसाने घडीभर टेकावे याचाही हिशेब केला होता हे दिसते. टेकण्याचा हा हक्क गावातील सर्वांना सर्व काळी होता असे मी म्हणणार नाही. वर महाडचा उल्लेख केला तो त्यासाठीच. पण आज तो सर्वांना देता येतो, आणि त्याला फार पैसाही लागत नाही. चार झाडांची सावली, वरच्या कडेने बसण्यास दगडी ओटे, म्हाताऱ्यांना धरण्यास एक कठडा, आणि जवळच एक बरे शौचालय, ज्याची किल्ली कोणा एकाच्या खिशात राहणार नाही.

भीती वाटते ती निराळीच. बारव प्रसिद्ध होत चालली, की जतनाच्या नावाखाली लोखंडी जाळी येते, जाळीला फाटक येते, फाटकाला कुलूप येते, आणि कुलपापाशी तिकिटाचे पुस्तक घेऊन कोणीतरी बसतो. मग पर्यटक येतो आणि गाव बाहेर राहते. तरुणांनी ज्या हातांनी गाळ उपसला, त्याच हातांना उद्या पास दाखवावा लागेल. दगड जुना आहे, त्याला जपले पाहिजे, हे मान्य. रात्री पहारा ठेवा, कोरीव भागांवर चढण्यास बंदी करा, पाण्यात साबण आणि निर्माल्य टाकणाराला दंड करा. ग्रामसभेत हा विषय निघेल तेव्हा मी हजर राहीन आणि माझे मत लेखी देईन, जुनी सवय आहे. पैसा उभा करण्यासाठी काही आकार बसवावयाचाच झाला, तर तो बाहेर उभ्या राहणाऱ्या चारचाकी गाड्यांना बसवावा. पायऱ्यांवर उतरणाऱ्या माणसाला नव्हे.